वाढ थांबलेले मूल आणि कवटीतली रसौली

आमच्या महालात मराठी आणि उर्दू शेजारी-शेजारी राहतात, त्यामुळे एकाच दुखण्याला दोन-दोन नावे सहज मिळतात. अंगावर कुठे गोळा आला की मराठी शेजारीण त्याला ‘गाठ’ म्हणते, आमच्या घरातल्या खाला ‘रसौली’ म्हणतात. पण हीच गाठ डोक्यात आहे असे कळले की दोन्ही भाषांत एकच शब्द उरतो, कॅन्सर. मग आवाज खाली येतो आणि माणूस हयात असतानाच घरात मातम सुरू होतो.

यूनानी तिब्बच्या जुन्या किताबांत मात्र हा फरक केलेला होता. साध्या गाठीला ‘सलआ’ आणि कर्करोगाला ‘सरतान’ असे दोन वेगळे शब्द होते. सरतान म्हणजे खेकडा, आणि मराठीतल्या कर्करोगातला कर्क म्हणजेही खेकडाच. हजार वर्षांपूर्वी हकिमांना जो भेद ठाऊक होता, तो आज आपल्या मोहल्ल्यात पुसला गेला आहे. त्याचे दोन तोटे होतात. काही लोक ‘डोक्यातली गाठ म्हणजे मौतच’ असे समजून इलाज सोडतात. आणि डॉक्टरांनी ‘गाठ सौम्य आहे’ असे सांगितले की काही लोक ‘मग घाई कशाला?’ म्हणून महिने घालवतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

या लेखात आम्ही अशा एका गाठीचा इतिहास सांगणार आहोत, जी कर्करोग नाही, अतिशय दुर्मीळ आहे आणि बऱ्याचदा शाळकरी वयात सापडते. तिचे वैद्यकीय नाव क्रॅनिओफॅरिंजिओमा. नाव जिभेवर बसायला अवघड आहे, पण तिच्या निदानाची कहाणी प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक आई-बापाने ऐकावी अशी आहे.

ही गाठ कुठे असते?

कवटीच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागे, हाडाची एक छोटी बैठक आहे. तिचा आकार खोगिरासारखा दिसतो म्हणून शरीरशास्त्रात तिला ‘तुर्की खोगीर’ या अर्थाचे लॅटिन नाव आहे. या खोगिरात वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. मूल किती वाढणार, वयात कधी येणार, थायरॉइड आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी किती काम करायचे, शरीराने पाणी किती राखायचे, या सगळ्याचा कारभार ही एवढीशी ग्रंथी आणि तिच्या वरचा मेंदूचा भाग मिळून चालवतात. आणि तिच्या अगदी वरच्या बाजूला दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना भेटतात.

आता विचार करा. या जागी सुपारीएवढी गाठ वाढू लागली तर काय होईल? शेतात दगड पडला तर पीक बाजूने वाढते, पण कवटी ही बंद पेटी आहे. तिथे बाजूला सरकायला जागा नाही. गाठ कर्करोगाची नसली, दुसऱ्या अवयवात पसरत नसली, तरी ती जिथे बसली आहे तिथे तिचा दाब पडणारच. वाढ थांबते, नजर कमी होते, तहान वाढते, डोके दुखते.

ही गाठ येते कुठून? मूल आईच्या पोटात असताना तोंडाच्या छतापासून एक पिशवीसारखा भाग वर सरकतो आणि त्यातून पिट्युटरीचा पुढचा भाग तयार होतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मार्टिन राथके यांनी १८३८ मध्ये या पिशवीचे वर्णन केले. काम झाल्यावर पिशवी नाहीशी व्हायला हवी, पण कधीकधी तिच्या थोड्या पेशी मागे राहतात. व्हिएन्नाच्या याकोब एर्डहाइम यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले की याच मागे राहिलेल्या पेशींपासून ही गाठ निर्माण होते. म्हणून लहान मुलांतल्या गाठीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्यांत दात घडवणाऱ्या पेशींसारखी रचना दिसते. मूळ तोंडाचे, मुक्काम मेंदूखाली. गाठीत बहुधा पाण्याची पोकळी असते आणि त्यातला द्रव यंत्राच्या काळपट तेलासारखा असतो. हा दोष जन्माआधीचा आहे. आईच्या खाण्यापिण्याचा, कुणाच्या नजरेचा किंवा कुणाच्या गुनाहाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दोन नसांचा चौक

या गाठीच्या निदानाची पहिली चावी डोळ्यात आहे, आणि त्या चावीचा इतिहास आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. बसऱ्यात जन्मलेल्या आणि काहिरात राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा ग्रंथ लिहिला. त्याची १०८३ मधली एक हस्तलिखित प्रत इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात आहे. त्या प्रतीत दोन डोळे, त्यांपासून निघालेल्या दोन नसा आणि त्या नसा जिथे एकत्र येतात ती जागा, असे चित्र काढलेले आहे. डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गाच्या उपलब्ध चित्रांत ते सर्वांत जुने मानले जाते. दोन डोळ्यांनी पाहिलेली वस्तू एकच का दिसते, या प्रश्नाचे उत्तर इब्न अल-हैसम त्या भेटीच्या जागेत शोधत होते.

पुढे न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात असा अंदाज मांडला की या जागी नसांतले सगळे धागे पलीकडे जात नाहीत, अर्धेच जातात. तो अंदाज खरा ठरला. नाकाकडच्या बाजूचे धागे एकमेकांना छेदून पलीकडे जातात, आणि हेच धागे आपल्याला दोन्ही बाजूंचे बाहेरचे दृश्य दाखवतात. या चौकावर मधोमध दाब पडला की समोरचे दिसते, पण डावीकडचे आणि उजवीकडचे पुसले जाते. टांग्याच्या घोड्याला झापडे लावतात ना, तसे.

असे मूल डॉक्टरांच्या तक्त्यावरची अक्षरे कदाचित नीट वाचून दाखवील, कारण सुरुवातीला मधली नजर शाबूत असते. पण ते दाराच्या चौकटीला धडकते, बाजूने आलेली सायकल त्याला दिसत नाही, वाचताना ओळ सुटते. घरचे म्हणतात, ‘धांदरट आहे.’ वर्गात आम्ही म्हणतो, ‘ध्यान नहीं देता.’ खरे पाहता बाजूची नजर तपासायला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. डॉक्टर समोर बसतात, मुलाला आपल्या नाकाकडे पाहायला सांगतात आणि दोन्ही बाजूंनी बोटे हलवत आत आणतात. बोट केव्हा दिसले एवढेच मुलाने सांगायचे. पक्की तपासणी नंतर यंत्रावर होते, पण शंका या दोन बोटांनीच येते.

व्हिएन्नातला मुलगा

एकोणिसाव्या शतकात निदानाची साधने एकामागून एक आली. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र तयार केले. त्याने डोळ्याचा पडदा दिसू लागला. १८६० मध्ये आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी लिहिले की मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांच्या डोळ्यात नसेचे टोक सुजलेले दिसते. म्हणजे बंद कवटीला एक खिडकी सापडली. १८७९ मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकीवन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूच्या आवरणावरची साधी गाठ काढली. गाठ कुठे आहे हे त्यांनी तिच्या चेहऱ्याच्या आणि हाताच्या झटक्यांवरून ताडले होते. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. ती मुलगी नंतर आठ वर्षे जगली आणि तिचा अंत वेगळ्या आजाराने झाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा रुग्ण व्हिएन्नाचा. १९०१ मध्ये आल्फ्रेड फ्रोहलिख नावाच्या तरुण डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाचे डोके काही वर्षांपासून दुखत होते. डाव्या डोळ्याची नजर कमी होत होती. शरीर स्थूल झाले होते आणि वयात येण्याची चिन्हे दिसत नव्हती. त्या काळी पिट्युटरीजवळची गाठ म्हटले की हात-पाय आणि जबडा राक्षसासारखा वाढणारच, अशी डॉक्टरांची समजूत होती. या मुलात तसे काही नव्हते. तरीही फ्रोहलिख यांनी डोकेदुखी, नजर, लठ्ठपणा आणि खुंटलेले तारुण्य ही चार सुटी दुखणी एकत्र ठेवून पाहिली आणि गाठ पिट्युटरीच्या जागीच आहे असे सांगितले. १९०७ मध्ये आंटोन फॉन आयझेल्सबर्ग यांनी नाकाच्या मार्गाने शस्त्रक्रिया केली. तिथे द्रवाने भरलेली पोकळ गाठ निघाली. ती क्रॅनिओफॅरिंजिओमा असावी असे आज मानतात.

या एका रुग्णात निदानाचा सगळा धडा आहे. चार तक्रारी चार ठिकाणी नेल्या असत्या तर चार वेगळी औषधे मिळाली असती. एका माणसाने त्या एकत्र पाहिल्या म्हणून गाठ सापडली.

१८९५ मध्ये रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि पुढे कवटीचे फोटो निघू लागले. मुलांमधल्या बहुतेक क्रॅनिओफॅरिंजिओमांत कॅल्शियम साठते. ते साध्या एक्स-रेवर तुर्की खोगिराच्या वर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसते. अमेरिकेचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये या गाठीचे आजचे नाव रूढ केले. मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढण्याची पद्धत वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये आणली, रक्तवाहिन्यांत औषध सोडून फोटो काढण्याची पद्धत पोर्तुगालच्या एगास मोनीझ यांनी १९२७ मध्ये आणली. या दोन्ही तपासण्या रुग्णाला त्रास देणाऱ्या होत्या. त्यामुळे डॉक्टर आधी रुग्णाला तासन् तास विचारत, तपासत आणि मगच त्या मार्गाला जात.

निदान झाले तरी रुग्ण वाचेलच असे नव्हते. गाठ काढताना पिट्युटरीचे काम बंद पडे आणि शरीराला अत्यावश्यक असलेले कॉर्टिसोल न मिळाल्याने रुग्ण दगावत. कॉर्टिसोन हे औषध मिळू लागल्यावर बोस्टनच्या डॉक्टरांनी १९५२ मध्ये या शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग सांगितला, आणि तिथून चित्र बदलले.

वेल्लोर, मुंबई, नागपूर

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. १९५० मध्ये मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम सुरू केले. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत डॉ. राम गिंडे, के.ई.एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर, जे.जे. रुग्णालयात डॉ. गजेंद्र सिंह यांनी या शास्त्राची पायाभरणी केली.

पण इथल्या डॉक्टरांपुढे युरोपातल्या डॉक्टरांना फारसा न पडणारा एक प्रश्न होता, क्षयरोग. आपल्याकडे मुलाच्या मेंदूत गाठ दिसली की ती क्षयाची असण्याची शक्यता मोठी असे. दस्तूर आणि देसाई यांनी १९६५ मध्ये ‘ब्रेन’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मेंदूतल्या क्षयगाठींचे १०७ रुग्ण आणि ग्लायोमा या दुसऱ्या प्रकारच्या गाठींचे १०७ रुग्ण यांची तुलना होती. कुठली गाठ कोणती हे रुग्णाच्या हकिकतीवरून, वयावरून, चिन्हांवरून कसे ओळखायचे, हाच त्यामागचा प्रश्न. क्षयाने मेंदूच्या तळाशी सूज येऊन गेली तरी तिथे पुढे कॅल्शियम दिसू शकते. म्हणजे एक्स-रेवरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यांचा अर्थही आपल्याकडे दोनदा तपासावा लागे. गरिबी आणि दाटीवाटीची वस्ती यांनी निदानसुद्धा अवघड करून ठेवले होते.

नागपुरात १९४७ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याला आपण सगळे ‘मेडिकल’ म्हणतो. महालापासून जवळ असलेल्या मेयो रुग्णालयात १९६८ मध्ये दुसरे महाविद्यालय आले. तरी मेंदूच्या गुंतागुंतीच्या आजारासाठी विदर्भातल्या कुटुंबांना दीर्घकाळ मुंबईची किंवा वेल्लोरची वाट धरावी लागे. रेल्वेचे तिकीट, तिथली धर्मशाळा, परकी भाषा, बुडालेली मजुरी, या सगळ्यांचा हिशोब करूनच घरातले मोठे निर्णय घेत. वेल्लोरला काम केलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जी. एम. तावरी यांनी १९८४ मध्ये नागपुरात सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही संस्था उभी केली, तेव्हा ते अंतर कमी झाले. पुढे मेडिकलचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आले आणि मिहानजवळ एम्सही सुरू झाले.

त्याच काळात यंत्रेही बदलली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. त्या बाईंच्या मेंदूत गाठ असल्याची शंका होती आणि चित्रात ती दिसली. या शोधाला १९७९ चे नोबेल मिळाले. एम.आर.आय.च्या शोधाला २००३ चे नोबेल मिळाले. आज सी.टी.वर गाठीतले कॅल्शियम दिसते, एम.आर.आय.वर गाठ आणि डोळ्यांच्या नसा यांचे नाते दिसते, रक्ताच्या तपासणीत कॉर्टिसोल, थायरॉइड, वाढीचे हार्मोन, सोडियम यांची स्थिती कळते आणि शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा असतो. महाल ते एम.आर.आय. हे अंतर आता ऑटोने काटता येते. मेंदूच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतही येतात.

मग उशीर होतो कुठे?

उशीर आता यंत्रापाशी होत नाही. तो त्याच्या खूप आधी, घरात आणि वर्गात होतो. या गाठीचे निदान होईपर्यंत मुलाला पहिली तक्रार सुरू होऊन कित्येक महिने, कधी वर्षे झालेली असतात, ही गोष्ट जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवली आहे. कारण एकेक तक्रार फार साधी असते.

मूल बुटके आहे, तर ‘खानदान में सब ऐसे ही हैं.’ डोके दुखते, तर ‘टी.व्ही. आणि मोबाइल कमी कर.’ सकाळी उठल्यावर उलटी होते, तर ‘पित्त झाले.’ नजर कमी झाली, तर चष्म्याच्या दुकानात नेऊन नंबर बदलून आणतात. पुन्हा कमी झाली की पुन्हा नंबर. सारखे पाणी पिते, रात्री चार-चार वेळा लघवीला उठते, तर साखर तपासतात आणि साखर ठीक निघाली की विषय संपला असे समजतात. साखर नसतानाही पिट्युटरीच्या बिघाडाने अशी तहान लागते हे कुणाला ठाऊक नसते. रमजानमध्ये असे मूल रोजा पूर्ण करू शकत नाही, तेव्हा त्याच्या तहानेची कुणी चौकशी करत नाही, चिडवणारे मात्र पुष्कळ भेटतात. यातून निभावले नाही की मग ‘असर’ आणि तावीज. दुआ करायला कुणाची मनाई नाही, आम्हीही करतो. पण दुआ करणाऱ्याने डॉक्टरकडे जाऊ नये असे कुठल्याही आलिमाने सांगितलेले आम्ही ऐकले नाही.

मुलींच्या बाबतीत तर गोष्ट अधिकच अवघड. पंधरा-सोळा वर्षांची झाली तरी मासिक पाळी आली नाही, हे आई कुणाला सांगत नाही. उद्या रिश्ते यायचे आहेत, डोक्याच्या डॉक्टरकडे नेले हे मोहल्ल्यात कळले तर? मुलाची उंची वाढली नाही तर निदान चिंता तरी करतात, मुलगी लहानखुरी राहिली तर ‘नाजूक आहे’ म्हणून कौतुक होते. या कौतुकात तिची नजर गेली तर ती परत मिळेल याची हमी कोण देणार? डोळ्याच्या नसेवर दाब जितका जास्त काळ राहतो, तितकी नजर परतण्याची आशा कमी होते.

प्रगतिपुस्तकातला रकाना

आम्ही शिक्षक आहोत. भालदारपुरा, गांजाखेत, हंसापुरी, मोमिनपुरा अशा वस्त्यांतली मुले आमच्यासमोर दिवसाचे पाच-सहा तास बसतात. डॉक्टरांना मूल दहा मिनिटे दिसते, आम्हाला वर्षानुवर्षे दिसते. बी.एड.ला आम्हाला ‘वाढ’ आणि ‘विकास’ यांतला फरक लिहायला सांगत. वाढ मोजता येते, असे उत्तर आम्ही पाठ केले होते. ती मोजण्याची जागा प्रत्येक शाळेच्या प्रगतिपुस्तकात आहे, उंची आणि वजनाचा रकाना. बहुतेक ठिकाणी तो भरायचा म्हणून भरला जातो आणि त्यातला आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी कुणी ताडून पाहत नाही.

हा रकाना निदानाचे साधन आहे. चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. मूल बुटके असणे वेगळे आणि वाढता-वाढता थांबणे वेगळे. तिसरीत मधल्या रांगेत उभे राहणारे मूल सहावीत सर्वांत पुढे आले, त्याचे दप्तर-गणवेश दोन वर्षे तेच चालले, तर त्याची वाढ थांबली आहे. आई-बाप गणवेश टिकल्याचा आनंद मानतात. आपण मात्र तिथे थांबून विचार केला पाहिजे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी शिक्षकाने नुसती हजेरी न देता ‘या मुलाची उंची दोन वर्षांत वाढलेली नाही, आणि याला फळ्याच्या कडेचे दिसत नाही’ एवढे वाक्य सांगितले, तर पुढचा रस्ता तिथून सुरू होतो.

इथे कुणी रास्त शंका काढील. ही गाठ दहा लाख लोकांत वर्षाला साधारण अर्ध्या ते दोन जणांत सापडते. नागपुरासारख्या शहरात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण. एवढ्यासाठी सगळ्या मुलांकडे संशयाने पाहायचे का? आमचे उत्तर असे की संशयाने पाहू नये, लक्षपूर्वक पाहावे. उंची थांबण्यामागे कुपोषण असते, थायरॉइडची कमतरता असते, क्षय असतो, पोटाचे आजार असतात. त्यांतले बरेच आजार सोपे आणि स्वस्त उपचारांनी बरे होतात. रकाना वाचण्याची सवय लागली तर ती शंभर मुलांच्या कामी येईल, आणि एखाद्या वर्षी एखाद्या मुलाची नजर वाचवील. शिवाय डोकेदुखीने मेंदूत गाठच असते असेही नाही. बहुतेक डोकेदुखी साधीच असते. डोकेदुखी, सकाळची उलटी, कमी होणारी नजर, थांबलेली उंची, न संपणारी तहान, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच मुलात दिसल्या तर मात्र वाट पाहू नये. फ्रोहलिख यांनी १९०१ मध्ये हेच केले होते.

सौम्य म्हणजे काय?

आता शेवटी पुन्हा शब्दाकडे येऊ. डॉक्टर या गाठीला सौम्य म्हणतात, ते तिच्या पेशींच्या स्वभावावरून. तिच्या परिणामावरून ते नाव दिलेले नाही. ती फुप्फुसात किंवा हाडात पसरत नाही, हे खरे. पण ती डोळ्यांच्या नसांना आणि मेंदूच्या तळाला इतकी चिकटलेली असते की पूर्ण काढणे अनेकदा धोक्याचे ठरते. म्हणून कधी जमेल तेवढी काढून बाकीच्या भागाला किरणोपचार देतात. ती पुन्हा वाढू शकते, त्यामुळे वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवावी लागते. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच मुलांना हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइडची गोळी, पाणी राखणारे औषध अशी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. ती मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते. अशा मुलाने रोजा ठेवायचा की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बीमाराला सवलत मजहबनेच दिली आहे, तिथे घरच्यांनी मजहबपेक्षा कडक होऊ नये.

आशेची बाजूही आहे. ही गाठ मुलांत ५ ते १४ या वयात आणि मोठ्यांत ५० ते ७४ या वयात जास्त आढळते. तिचे दोन प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ते दोन स्वतंत्र आजार मानले गेले. मोठ्या माणसांतच मुख्यतः दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारात एका विशिष्ट जनुकाचा बिघाड असतो, हे २०१४ मध्ये कळले. त्यावर गोळ्यांची चाचणी झाली आणि तिचा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ रुग्णांपैकी १५ जणांची गाठ चांगलीच आकसली. मुलांमधल्या प्रकाराला अजून असा उपाय मिळालेला नाही, त्यावर काम चालू आहे. म्हणून मुलांच्या बाबतीत आजही सर्वांत मोठा उपाय लवकर ओळखणे हाच आहे.

इब्न अल-हैसम यांच्या चित्रापासून एम.आर.आय.पर्यंत हजार वर्षे गेली. त्या हजार वर्षांत बसरा, व्हिएन्ना, बोस्टन, वेल्लोर, मुंबई इथल्या माणसांनी आपापला वाटा उचलला आणि बंद कवटीत काय आहे ते पाहण्याची सोय आपल्या दारापर्यंत आणून ठेवली. मूल त्या दारापर्यंत नेण्याचा वाटा आपला आहे. नव्या सत्रात मुलांची उंची मोजाल तेव्हा, गुरुजनहो, मागच्या वर्षीचे पान उलटून एकदा आकडा ताडून पाहा. आणि आई-बापांनो, मुलगा असो की मुलगी, दोन वर्षे तोच गणवेश अंगाला येत असेल तर दर्ज्याकडे जाण्याआधी डॉक्टरकडे जा.